शिवलेलं मृत्युपत्र

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात एक नियम होता. पानं लावणारा आणि ती तपासणारा माणूस एक नको. छापखान्यातून घड्या घातलेल्या पानांचे जुडगे यायचे, त्यांना आम्ही फर्मे म्हणायचो. मी ते ओळीने लावायची आणि माझी नणंद अंगठ्याखालून एकेक सोडत तपासायची. नाहीतर ती लावायची आणि मी तपासायची. दुसरीने मान हलवल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही.

नियम माझ्या नवऱ्याचा. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, मीसुद्धा. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या कोणालाही ते काहीतरी शिकवूनच परत पाठवत. एकदा घाईगर्दीत त्यांनी एका कवीचं पुस्तक स्वतःच लावलं, स्वतःच शिवलं आणि त्यात एक फर्मा उलटा गेला. चूक कळल्यावर ते पुन्हा शिवून द्यायला कवीच्या घरी गेले. कवी म्हणाला, "राहू द्या. अजून एकाही वाचकाच्या लक्षात आलेलं नाही." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत. तेव्हापासून तो नियम.

कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली. खिडकीशी शिलाईची चौकट, मधे कापणीचं यंत्र, आणि कोपऱ्यात शिकंजा. वर चक्र असलेला, शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचा अवजड लोखंडी शिकंजा. लग्न होऊन आले तेव्हा वरच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं हे कळायच्या आधी मला खाली खळ कुठे शिजते हे कळलं होतं. दोऱ्याला मेण कसं लावायचं, टाका घट्ट किती आणि सैल किती, हे मास्तरांनी मला शिकवलं. नणंद तेव्हा शाळेत जायची. दप्तर टाकून खाली धावत यायची आणि माझ्या शेजारी बसून बघायची. पुढे तिने लग्न केलं नाही. "एवढी पुस्तकं शिवायची राहिलीत," म्हणायची. अंगाने बारीक, एका जागी न टिकणारी आणि स्वतःपेक्षा जड ओझी उचलणारी, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. माझ्या मुलांची ती मुंगीआत्या. झोपायची खालीच, कारखान्यामागच्या लहान खोलीत. त्या चौकटीच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. मागे मृत्युपत्र ठेवून गेले. ते त्यांनी वकिलाशिवाय, स्वतःच टाइप केलं होतं. वकिलांबद्दल त्यांचं मत असं, की ते पावसात आडोशाला आलेल्या पाहुण्यासारखे; पाऊस जातो, पाहुणा जात नाही. तीन कागद, कोपऱ्यात पिन मारलेले, शेवटच्या कागदावर त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या. एक शेजारचे डॉक्टर, ते मास्तरांच्या आधीच गेले. दुसरे आमचे कागदाचे व्यापारी.

घर मास्तरांच्या एकट्याच्या नावावर. ते आमच्या नावांवर व्हायचं तर आधी कोर्टाने मृत्युपत्र खरं मानून तसा हुकूम द्यावा लागतो, त्याला प्रोबेट म्हणतात, हे मला वकीलबाईंकडून कळलं. त्या तरुण होत्या, मला काकू म्हणायच्या आणि समजावताना पेन्सिलीने टेबलावर टकटक करायच्या. पहिल्या भेटीला आम्ही तिघं गेलो: मी, मुंगी आणि माझा मुलगा. लेक परगावी असते.

वकीलबाईंनी मृत्युपत्र उघडलं आणि त्यांची पेन्सिल थांबली. कागद कोपऱ्यात पिनेने जोडलेले नव्हते. डाव्या कडेला मेण लावलेल्या दोऱ्याने नीट शिवलेले होते.

"हे असंच होतं?"

"नाही, पिन होती," मुलगा म्हणाला. "बाबांनी मला एकदा पाकिटातून काढून दाखवलं होतं. वाचू दिलं नाही, पण पिन मला आठवते."

त्यांनी कागद खिडकीकडे धरला. कोपऱ्यातल्या दोन बारीक भोकांमधून उजेड आला.

"कोर्टात सगळ्यात आधी हीच भोकं बघतात," त्या म्हणाल्या. "पान बदलायचं तर पिन काढावी लागते. त्यात यांनी सही फक्त शेवटच्या कागदावर केलीय. प्रत्येक कागदावर केली असती तर प्रश्नच नव्हता. मधल्या कागदावर ना सही, ना काही खूण. आणि कारखाना बहिणीला दिलाय तो नेमका मधल्याच कागदावर." मग मुंगीकडे न बघता त्यांनी विचारलं, "शिवलं कोणी?"

"आमच्या घरात दोघींनाच शिवता येतं," मुंगी म्हणाली.

"मी शिवलं," मी म्हणाले. "पिन गंजते. गंज कागद खातो."

"गंजली होती?"

"हो."

पिन गंजली नव्हती. नवी कोरी, चकचकीत होती.

वकीलबाईंनी मग नीट सांगितलं. कोर्टाने मृत्युपत्र मानलं नाही, तर कायद्याने सगळं बायको-मुलांना जाईल. बहिणीला काही नाही. मानायला हवं असेल तर दोन गोष्टी लागतील. पिन कोणी आणि का काढली याचं माझं प्रतिज्ञापत्र. आणि मृत्युपत्रामुळे ज्यांचा वाटा कमी होतो, म्हणजे मी आणि माझी मुलं, त्यांची लेखी ना-हरकत. व्यापाऱ्यांना त्यांनी फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "मास्तरांची सही माझ्यासमोर झाली, शपथेवर सांगतो. पण कागद किती होते ते नाही सांगता येणार. माझ्याच दुकानातला कागद आहे, एवढं बघून मी खूश झालो."

पायऱ्या उतरताना मुंगी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "वहिनी, टाके मात्र सुरेख घातलेस. कोर्टातसुद्धा उठून दिसतील."

ती चेष्टा करत होती. मी कठड्याला धरून पुढची पायरी उतरले.

लेकीची ना-हरकत लगेच आली. मुलाने कागद घेतला, "बघतो" म्हणाला आणि खणात ठेवला. तो वाईट नाही. खालची खोली भाड्याने द्यावी, मी जिना चढणं-उतरणं थांबवावं, आत्याने या वयात ओझी उचलू नयेत, असं त्याचं चाललेलं असतं. पण एकदा वर चहा पिताना तो हळूच म्हणाला, "आई, खरं सांग. तू आत्यावर पांघरूण घालत नाहीस ना?"

"कसलं पांघरूण?"

"ती शिवते. पान तिच्या फायद्याचं. आणि तू म्हणतेस, मी शिवलं. पिन गंजली होती म्हणतेस, पण बाबांनी दाखवली तेव्हा ती चांगली होती. त्याला फार दिवस नाही झाले."

मी चहाचा कप बशीत ठेवला तो वाजला. माझी अर्धी खरी गोष्ट जाऊन मुंगीच्या डोक्यावर बसली होती. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणाले, "काहीतरीच तुझं," आणि कप विसळायला उठले. ताकाला जाऊन भांडं लपवणं दुसरं काय असतं?

झालं होतं ते असं.

मास्तर गेल्यावर माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि एका दुपारी मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. मृत्युपत्र कुठे आहे हे मला माहीत होतं. आत काय आहे हे माहीत नव्हतं. पहिल्या कागदावर नाव, गाव, शुद्धीत असल्याचा मजकूर. तिसऱ्यावर वरचं घर मला; माझ्यामागे मुलांना कसं द्यायचं ते मी ठरवायचं. मधल्यावर कारखाना. शिलाईची चौकट, कापणीचं यंत्र, शिकंजा, अवजारं आणि ती लांबट खोली मागच्या खोलीसकट, सगळं बहिणीला. कारण तिला दुसरं ठिकाण नाही.

कारण बरोबर होतं. मीही तसंच केलं असतं. पण त्या दुपारी मला ते कारण दिसलंच नाही. मला एवढंच दिसलं, की त्या चौकटीवर आधी मी बसले. तिला सुई धरायला मी शिकवलं. सरसाने माझ्या बोटांची कातडी गेली ती पुन्हा कधी नीट आली नाही. आणि मास्तरांनी मला चूल दिली आणि हात काढून घेतले. एका शब्दाने विचारलंही नाही. "तुझी हरकत नाही ना," एवढं म्हणाले असते तर मी नाही म्हणाले नसते.

मी नखाने पिन काढली. मधला कागद बाजूला केला. आता दोनच कागद राहिले होते आणि वाचून बघितलं तर ते एकमेकांना जुळत होते. कारखान्याचं नावही नव्हतं त्यांत. बघून मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण बरं वाटलं.

तेवढ्यात खालून मुंगीची हाक आली, "वहिनी, येतेस का? हात रिकामे राहिले की डोकं खातात." मी तो कागद पदराआड घेऊन खाली उतरले. ती मोरीत हात धूत होती. मी शिकंज्याचं चक्र सैल केलं, दोन पुठ्ठ्यांमधे कागद ठेवला आणि चक्र पुन्हा आवळलं. मग आम्ही फर्मे लावायला बसलो. ती बोलत होती. मास्तर आजारपणात खळीच्या वासासाठी खिडकी उघडायला लावायचे, ते सांगत होती. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं दादाला, माझ्या आधी जायचं नाही. ऐकलं नाही. आता तू तरी ऐक." आणि मी लावलेला गठ्ठा उचलून, अंगठ्याखालून सोडत तपासायला लागली.

तिच्याच्याने नीट तपासणं होत नव्हतं. डोळे सारखे भरून येत होते. तरी तपासत होती.

संध्याकाळी ती दिवाबत्तीचं बघायला मागे गेली तेव्हा मी शिकंजा सोडवला, कागद वर आणला आणि जागच्या जागी ठेवला. पिन वाकडी झाली होती, जुन्या भोकांत जाईना. नवी मारायची तर स्टेपलर खाली. सुई, दोरा आणि मेणाचा खडा मात्र माझ्या वरच्या डब्यातही असतो. मी दोरा घेतला, मेण लावलं आणि शिवून टाकलं. आता हे कधीच सुटं होणार नाही, असं स्वतःला सांगितलं. एकटीने लावलं, एकटीने शिवलं. तपासायला कोणी नव्हतं. नियम मोडला तो असा, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते करून बसले.

मुलाने पांघरुणाची गोष्ट काढल्यानंतर मला खाली बसवेना. मुंगी समोर असली की मी चष्मा पुसत राहायची. ती म्हणायची, "काचा झिजतील गं." शेवटी एका दुपारी ती दोऱ्याला मेण लावत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पदरासकट, बरं वाटलं त्यासकट. मुलाला काय वाटतंय तेही सांगितलं.

तिचा हात मेणावर थांबला. मग म्हणाली, "दुपारभर कुठे होतं ते पान?"

"शिकंज्यात."

"आपल्या?"

"हो. पुठ्ठ्यांमधे."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि एकदम हसायला लागली. तिला ठसका लागेपर्यंत. "वहिनी, अगं चोरी करायची आणि वर पान चुरगळू द्यायचं नाही? अशी चोर कुठे मिळणार? चुलीत घालायचंस, संपलं असतं."

मीही हसले. पण हसून झाल्यावर तिने मेणाचा खडा खाली ठेवला, दोऱ्याचं रीळ गुंडाळलं आणि मागच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. ती हसली म्हणजे तिने माफ केलं, असं मी समजू नये एवढं त्या दाराने मला सांगितलं. पुढे काही दिवस ती बोलायची ते कामापुरतं. "दोरा दे." "पुठ्ठा सरकव." आणि मी लावलेला गठ्ठा तपासून झाला, की तो पालटून पहिल्यापासून पुन्हा तपासायची. पूर्वी एकदाच तपासायची. मी बघत होते हे तिला कळत होतं. लपवत नव्हती.

मी वकीलबाईंकडे एकटी गेले आणि प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं ते सांगितलं. त्या पेन्सिल टकटकवायला विसरल्या.

"काकू, एवढं खरं कोर्टात कोणी सांगत नाही."

"मग मी काय सांगू?"

"पिन काढली, शिवलं, सगळे कागद तेच आहेत. बास. यात खोटं काही नाही."

"का काढली ते?"

"गंज."

"गंज नव्हता, बाई."

त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं. मग त्यांनी सावकाश मांडायला सुरुवात केली, जणू स्वतःलाच समजावत होत्या. ते पान कोर्टात टिकलं तर नुकसान माझं. म्हणजे ते आत घुसवण्यात मला काही फायदा नाही. आणि मीच शपथेवर म्हणतेय, की मी ते काढून टाकायला निघाले होते, टाकलं नाही, जसं होतं तसं परत ठेवलं. "म्हणजे पान आधीपासून तिथेच होतं, याला तुमच्यापेक्षा चांगला साक्षीदार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एक आहे. हा कागद तुमची मुलंही वाचतील."

"वाचू देत."

म्हणाले खरी. पण मसुदा मुलासमोर ठेवला तो पालथा, मजकूर खाली करून. वरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर त्याने तो वाचला. वाचून पुन्हा पहिल्या पानावर गेला.

"म्हणजे आत्याने काही..."

"तुझ्या आत्याने तो कागद वकीलबाईंच्या टेबलावर पहिल्यांदा पाहिला."

"मी तिच्याबद्दल काय काय समजून बसलो होतो."

"तोंडावर बोललास का तिला?"

"नाही."

"मग मनातच माफी माग. आरोपही मनातच केला होतास."

तो हसला नाही. कागदाच्या कडा जुळवत बसला. त्याच्या बापाची सवय. मला वाटलं, आता विचारेल की आई, तू असं कसं करू शकलीस. त्याचं उत्तर मी रोज शोधत होते आणि मला ते सापडलेलं नव्हतं. त्याने विचारलं नाही.

"तू ते पान एक दुपार ठेवून घेतलंस," तो म्हणाला. "मी तो ना-हरकतीचा कागद कधीचा खणात घालून बसलोय. मला वाटत होतं, थांबलो तर आपोआपच काहीतरी होईल. आपल्याला काही करायला नको."

उठून त्याने खण उघडला, कागद आणला आणि सही केली. मग काय वाटलं कोण जाणे, मागच्या कोऱ्या बाजूवरही सही केली.

"तिथे कशाला?"

"असू दे. आपल्या घराचा भरवसा नाही."

कोर्टात मला फार विचारलं नाही. अधिकाऱ्याने माझं प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही स्वतः सांगितलंत? कोणी सांगायला लावलं नाही?"

"स्वतः."

त्याने मान हलवली. यथावकाश हुकूम आला. कारखाना मुंगीच्या नावावर झाला. मला सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तिने तो कागद वाचला, खाली शिकंज्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता मालकीण झाले. उद्यापासून उशिरा आलीस तर बोलणी खाशील." मी उशिरा जात नाही. उलट तिच्याआधी जाऊन बसते. ती गठ्ठे अजूनही दोनदा तपासते.

मग मी माझं मृत्युपत्र करायला घेतलं. वरच्या घराचं वाटप मुलांमधे सारखं आहे, भांडायला काही नाही; तरी मी आधी लेकीला फोनवर घेऊन आणि मुलाला समोर बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. "यात कोणाला काही टोचतंय का, आत्ताच सांगा," म्हणाले. लेक म्हणाली, "आई, तू आहेस तोवर कशाला हे?" मी म्हणाले, "मी नसताना तुम्ही मला विचारणार कसं?"

साक्षीदार कोण, असं वकीलबाईंनी विचारलं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा माणूस हवा. एक त्यांचा कारकून ठरला. दुसऱ्या सहीसाठी मी मुंगीला विचारलं. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काहीच ठेवलं नाहीस ना?"

"काहीच नाही."

"मग येते."

वकीलबाईंच्या टेबलावर मी प्रत्येक कागदाच्या खाली सही केली. मग कागद एकावर एक ठेवले आणि कोणाला काही न बोलता मुंगीकडे सरकवले. तिने चष्मा लावला. कडा ठोकून जुळवल्या, अंगठ्याखालून एकेक कागद सोडला आणि पालटून पुन्हा पहिल्यापासून सोडला. कारकून तिच्याकडे बघत राहिला. वकीलबाई हातात स्टेपलर घेऊन थांबल्या.

मुंगीने मान हलवली.

पिन बसली. नवी कोरी, चकचकीत. कागद रजिस्ट्रारच्या कपाटात जाणार होता, घरी नाही. तसं मीच सांगितलं होतं. तरी तो पाकिटात जाईपर्यंत माझी नजर त्या कोपऱ्यावरून हलेना. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मुंगीने ते पाहिलं आणि आपली खुर्ची माझ्या आणि टेबलाच्या मधे ओढून घेतली.